न झालेले तीन सीझन

डेमोला वीस मिनिटं उरली होती.

क्लायंट म्हणजे स्पेनमधला एक जुना फुटबॉल क्लब. कोणत्या सीझनला कोणती डिव्हिजन, कितवा नंबर, कोण किती मॅचेस खेळलं, हा सगळा इतिहास त्यांच्या रजिस्टरांतून वेबसाइटवर आणायचं काम आमच्या अमेरिकेतल्या, शॉमबर्गच्या ऑफिसकडे होतं. डेटा माझ्याकडे. आणि माझं व्हिसा एक्स्टेन्शन या एका प्रोजेक्टवर टांगलेलं. प्रोजेक्ट गेला असता तर नवऱ्याला आणि लेकीला घेऊन बॅगा भरायच्या.

शेवटचं म्हणून चेक करत होते, तर तीन सीझन अगदी सारखे. तोच नंबर, तोच गोलकीपर, तितक्याच मॅचेस. शोधून पाहिलं. त्या वर्षांत स्पेनमध्ये यादवी युद्ध चालू होतं. लीग झालीच नव्हती!

अगं बाई! हे तर माझंच कर्तृत्व. आधी मी कित्येक वर्षं इन्शुरन्सच्या डेटावर होते. तिथे रिकामा रकाना म्हणजे गुन्हाच. त्या सवयीने मी इथेही 'फॉरवर्ड फिल' लावलं होतं, म्हणजे रकाना रिकामा दिसला की वरचाच आकडा खाली उतरवायचा. क्लबने त्या तीन ओळी कोऱ्या पाठवल्या होत्या. मला वाटलं, टायपिंगचा कंटाळा केला असेल.

धावत बॉसकडे गेले. केव्हिन म्हणाला, "तीन वर्षं? कोण बघणारे?"

"त्यांचे आर्काइव्हवाले स्वतः आलेत, केव्हिन."

"ते आजोबा? हात लावू नकोस, आहे तेही मोडेल."

तरी मी सीझनचा तक्ता कोरा केलाच. खेळाडूंची पानं नव्याने बनायला तास लागला असता. तेवढा वेळ नव्हता. देवाचं नाव घेतलं आणि आत गेले.

आर्काइव्ह सांभाळणारे इग्नासिओ ऐंशीला टेकलेले. त्यांनी तक्ता पाहिलाच नाही. लॅपटॉप ओढून घेतला आणि एका बोटाने गोलकीपरचं नाव टाइप केलं. नेमकं तेच पान अजून जुनं होतं.

पान उघडलं.

"हा युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात मारला गेला," ते म्हणाले. "माझ्या आईचा भाऊ."

म्हणजे मामा. आणि माझ्या स्क्रीनवर मामा पुढे तीन सीझन खेळत होता.

केव्हिन घाईने म्हणाला, "सोर्स डेटातच काहीतरी—"

"नाही," मी म्हणाले. "सोर्स बरोबर आहे. तुम्ही कोरं सोडलं होतं, मी भरलं. चूक माझी."

केव्हिनने माझ्याकडे असं पाहिलं की मला बॅगाच दिसायला लागल्या.

इग्नासिओ बोट ठेवून मोजत होते. "सहासष्ट मॅचेस," ते म्हणाले. "आई असती तर तिला दाखवलं असतं. खूश झाली असती." मग चष्मा काढून पुसला. "आता काढून टाका."

ते माझ्या शेजारी येऊन बसले. मी दोन ओळी डिलीट केल्या. तिसरीला त्यांनी माझा हात अडवला आणि ते बटण स्वतः दाबलं.

प्रोजेक्ट राहिला. एक्स्टेन्शनही आलं. केव्हिन आठवडाभर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलला.

आता माझा प्रोग्रॅम रिकामा रकाना दिसला की थांबतो आणि माणसाला विचारतो. काम दुप्पट वेळ घेतं. घेऊ दे.