नीळकंठावर पडलेला उजेड

मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. उजेड सरळ रेषेत जातो, आरशावर पडला तर ठरलेल्या कोनातच परततो, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. त्यामुळे भुताखेतांचा विषय निघाला की मी सरळ उठून चहा टाकायला जायचे. आजही माझा त्यावर विश्वास बसलाय असं म्हणणार नाही... पण जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून इथे लिहितेय.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. लातूरला आम्ही दोघंच राहतो, मी आणि बाबा. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, शुगरचे पेशंट. मला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. आई गेल्यापासून बाबांना घरी एकटं सोडवत नाही, म्हणून रविवारी सकाळी गाडीत तेही असतात.

त्या दिवशी औशाच्या पुढे, किल्लारीच्या अलीकडे एका पाझर तलावावर गेलो. गाडी बांधामागे रस्त्यावर लावली. तलाव माझ्या उजव्या हाताला, सूर्यही तिकडूनच वर आलेला. डावीकडे नुसतं नांगरलेलं काळं रान आणि बऱ्याच अंतरावर एक लिंब. बाबांची घडीची खुर्ची त्या लिंबाखाली टाकून दिली आणि मी पुढे आले.

समोर वाळक्या बाभळीवर नीळकंठ बसला होता. कोवळं ऊन एकाच बाजूने पडत होतं, त्यामुळे अर्धा पक्षी सोनेरी आणि अर्धा काळाठिक्कर. मला दिसणारा डोळा नेमका काळ्या बाजूला. डोळ्यात चमक नसली की फोटो मेलेला वाटतो. मी पालथी पडून, कॅमेऱ्याला डोळा लावून वाट बघत होते... मान वळवेल, मग वळवेल.

तेवढ्यात त्या काळ्या बाजूवर मऊ उजेड आला. डोळ्यात टिकली चमकली.

माझ्याकडे रानफुलांच्या फोटोंसाठी एक चंदेरी रिफ्लेक्टर आहे, सावलीतल्या बाजूवर ऊन परतवणारा. कधी कधी बाबा तो धरतात. पक्ष्यांवर धरायचा नाही, ते बिचकतात, हे मी त्यांना सांगितलेलं. पण हा पक्षी हलला नाही, आणि उजेड इतका सुंदर होता की मीही हललेच नाही. तशीच पुटपुटले, "थोडं खाली, बाबा."

उजेड खाली आला.

"जरा मागं घ्या."

तो मंद झाला. मी फोटो काढत सुटले.

मग तो थरथरायला लागला. पक्ष्यावरून घसरून फांदीवर, फांदीवरून जमिनीवर, डावीकडे. पुन्हा पक्ष्यावर, पुन्हा जमिनीवर. "हलवू नका हो," मी चिडून म्हटलं. या वेळी त्याने ऐकलं नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं – बाबांना शेजारी बसून बोललेलंसुद्धा धड ऐकू येत नाही. इतक्या लांबून माझं पुटपुटणं कसं ऐकू गेलं?

मान वळवून बघितलं. खुर्ची रिकामी. लिंबाखाली कुणी नाही, चकाकणारी वस्तूही कुठे नाही. सुपाएवढा उजेडाचा तुकडा मात्र ढेकळांवरून लिंबाच्या पलीकडे सरकत होता.

मी कॅमेरा तिथंच टाकून धावले. लिंबामागच्या कोरड्या ओढ्याच्या काठावर तो उजेड थांबला. खाली वाकून बघितलं, तर बाबा. कुशीवर पडलेले, शर्ट घामाने भिजलेला.

"बाबा, काय झालं?"

"घरी... घरी जायचं..." जीभ जड झालेली.

शुगर उतरली होती. सकाळी इंजेक्शन घेतलं आणि नाष्टा राहून गेला. माझ्या खिशात चिक्की होती. तुकडा तुकडा करून भरवली. "चावा बाबा. डोळे मिटू नका." पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटत होतं, पण वळून बघायची हिंमत झाली नाही.

हळूहळू त्यांची नजर ठिकाणावर आली. "लघवीला आल्तो गं. पायच गेले. तुला लई हाका मारायल्तो..."

"रिफ्लेक्टर कुठं ठेवलात?"

"कंचा रिफ्लेक्टर?"

रिफ्लेक्टर डिकीत होता. पिशवीत, चेन लावलेला. गाडी लॉक, किल्ली माझ्या खिशात.

औशाच्या दवाखान्यात सलाईन लावलं. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

नांदेडला माझा मित्र प्रशांत याचा फोटो स्टुडिओ आहे. त्याला काही न सांगता फोटो दाखवले. तो मोठे करून बघत म्हणाला, "डावीकडून रिफ्लेक्टर धरलाय. कोण होतं गं सोबत? हात मुरलेला दिसायलाय."

पाणी, काच, पत्रा... सगळ्याचा विचार करून झाला. पाणी उजवीकडे होतं, रस्ता बांधाच्या आड. आणि चमकलंच असेल काही, तर ते सांगितल्यावर खाली येत नाही. माझ्या फिजिक्समध्ये तरी नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाबांनी हट्टच धरला म्हणून परत तिथे गेलो. मी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. बाबा लिंबाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "शुक्रिया तरी म्हण की."

"कुणाला, बाबा?"

"ते मला काय ठाव. म्हनायला काय जातंय?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसरीकडे कुठेही, रिकाम्या रानात बोलायला मला काही वाटलं नसतं. पण तिथे माझं बोलणं ऐकू जातं.