त्याच्यासंगं, का त्याले?

साठच्या दशकाच्या सुरुवातीला पांढरकवड्याहून यवतमाळला जाताना एक वयस्कर बाई एसटीत माझ्या शेजारी बसली होती. माझ्या हातातलं इंग्रजी मासिक पाहून तिनं पिशवीतून छायाचित्र असलेलं एक इंग्रजी कात्रण काढलं आणि मांडीवर तळहातानं सपाट केलं.

"हा माहा पोरगा. विलायतेत टेलिव्हिजनच्या नाटकात होता. मले कुठी पाहाले भेटंन?"

"आता तिथंही नाही दिसणार, मावशी. नाटक चालू असतानाच घरोघर दिसतं. त्याची फिल्म करून ठेवत नाहीत."

"म्हणजे आपल्या गावातल्या नाचगाण्याच्या दंडारीसारखंच. झाली का सरली." मग तिनं छायाचित्राखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिवलं?"

मी मराठीत सांगितलं, "हिंदुस्थानी नोकराच्या फजितीनं घरोघर हशा पिकला."

तिनं बोट तिथंच ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, लोक त्याच्यासंगं हासले, का त्याले हासले?"

"त्याच्यासंगं," मी घाईनं म्हणाले.

छायाचित्रात साहेब आणि मडम पोट धरून हसत होते. मधे तिचा मुलगा फेटा बांधून, सांडलेला ट्रे धरून उभा होता.

"मंग तो काहून नाही हासून राह्यला?"

मी मासिक मिटलं. तिनं पदराच्या टोकानं फक्त त्याचा चेहरा पुसला आणि यवतमाळ येईपर्यंत कात्रण मांडीवर पालथं ठेवून बसली.