छतवालीचं सनस्क्रीन

तिला सगळे छतवाली म्हणत. नाव होतं, पण ते कागदपत्रांपुरतं. घरांची, दुकानांची, गोदामांची छतं पांढऱ्या रंगाने रंगवायची, म्हणजे ऊन आल्या पावली परत फिरतं आणि खालची माणसं जरा सुखाने श्वास घेतात, हा तिचा धंदा. खरं तर हा धंदा तिच्या नवऱ्याकडे यायचा होता. पण त्याला शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच गरगरायचं. तो शिवणयंत्रावर बसला आणि सुटला. मग सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, लग्नाला वर्ष व्हायच्या आत सुनेला विचारलं, "तुला उंचीची भीती वाटते?"

"मला नुसतं खाली बसून राहायची भीती वाटते," ती म्हणाली. झालं. दुसऱ्या दिवशी बाई छतावर.

आबा कामाला वाघ आणि स्वभावाला काटेरी. कधीकाळी कप्पीच्या दोराने त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट अर्ध्यावर नेलं होतं, पण उरलेल्या साडेचार बोटांनी ते असा रंग लावत की बघत राहावं. त्यांचे नियम कडक होते. रंगाच्या दिवशी डोक्याला तेल लावायचं नाही. वर चढण्याआधी हात साबणाने खसाखसा धुवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, वाळला की अख्ख्या छतावरून उघडा तळहात फिरवायचा. कुठे वाळूचा कण आहे, कुठे धूळ राहिली आहे, ते तळहातालाच कळतं. "मोजा घातलेला हात आंधळा," असं आबा म्हणत. इतर रंगारी हसायचे, पण आबांच्या छताचे पोपडे निघालेले कुणी पाहिले नव्हते. छतवालीनेही ती विद्या उचलली. डोळे मिटून हात फिरवला तरी तिला कण सापडायचा, आणि त्याचा तिला मनापासून अभिमान होता.

मग तिच्या नाकाच्या बाजूला एक खरखरीत डाग आला. खपली धरायची, पडायची, पुन्हा धरायची. तिने हळद लावून पाहिली, दुर्लक्ष करून पाहिलं. दुर्लक्ष हे तर आपल्याकडचं रामबाण औषध. शेवटी नवऱ्याने जवळजवळ ओढतच तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डाग कापून काढला, तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "चांगला नव्हता. पण वेळेवर आलात, सगळा निघालाय. आता पुढचं तुमच्या हातात आहे. उन्हात जायचं तर सनस्क्रीन लावल्याशिवाय जायचं नाही."

"पण मी तर सावळी आहे. हे गोऱ्या लोकांचं ना?"

"सावळ्या कातडीला थोडं जास्त संरक्षण असतं, चिलखत नसतं. काम काय करता?"

तिने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "पांढरं छत? म्हणजे ऊन वरूनही येतं आणि खालून उलटूनही येतं. टोपी घातलीत तरी हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला काय?"

तिथे काय असायचं? काहीच नव्हतं. चकाकीने डोळे जातात म्हणून काळा चष्मा लावायला आबांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. खालून ऊन मारतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते फक्त डोळ्यांनाच मारतं अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती.

आबांना हे पटलं नाही. "उभा जन्म उन्हात गेला माझा. आपली कातडी राबती आहे, बाहुलीची नाही," ते म्हणाले. पण सुनेच्या नाकावरचे टाके पाहिले आणि पुढचं वाक्य गिळलं.

तिने औषधवाल्याने हातात दिलं ते लोशन आणलं आणि इमानेइतबारे लावायला लागली. त्याच आठवड्यात बेकरीचं छत होतं. भट्टीची धग खालून, उन्हाची वरून, सगळ्यांच्या अंगाचं पाणी पाणी. तिने दुपारी पुन्हा लोशन चोपडलं, हात फडक्याला पुसले आणि प्रायमरवरून तळहात फिरवत गेली. हात धुतले नाहीत. फडक्याने पुसले म्हणजे झालं, असं तिला वाटलं.

काही आठवड्यांनी बेकरीवाल्याचा निरोप आला. आबा आणि ती वर गेले आणि छतवालीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिच्या वाट्याच्या अर्ध्या छतावर जागोजागी रंग सुटला होता, आणि जिथे सुटला होता तिथे तिचा पंजा उमटला होता. पाच बोटं, अंगठ्यासकट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. बेकरीवाला म्हणाला, "बाई, सही करायची होती तर कोपऱ्यात करायची."

आबा हसले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "सूनबाई." एरवी ते तिला पोरी म्हणत. सूनबाई आलं की समजायचं, वारं फिरलं.

"सूनबाई, एक तर ते मलम, नाहीतर छत. ज्याच्या हाताने रंग सुटतो त्याने खाली उतरायचं. हा नियम तुला आहे तसा मलाही आहे. बेकरीचं छत आपण पदरचा रंग घालून पुन्हा करू. अर्धं तुझं, अर्धं माझं. तुझा रंग पुन्हा सुटला तर तू खाली राहून बादल्या भरायच्या."

तिला रागही आला आणि भीतीही वाटली. तो डाग पुन्हा येईल ही एक भीती आणि आयुष्यभर खाली बादल्या भरत बसू ही दुसरी. यातली कुठली पत्करायची याचा तिने रात्रभर विचार केला असं सांगितलं तर शोभेल, पण ती मेलेल्यासारखी झोपली आणि सकाळी उठली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. एकही पत्करायची नाही. नाकही सांभाळायचं आणि छतही सोडायचं नाही. कातडी आणि रंग दोघांनाही चालेल असं सनस्क्रीन कुठेतरी असणारच, आणि नसलं तर का नाही हे तिला बघायचं होतं.

मग घराच्या गच्चीत तिची प्रयोगशाळा सुरू झाली. जुने सिमेंटचे पत्रे आडवे मांडले, त्यांना प्रायमर दिला. शेजारणींकडून अर्धवट नळ्या मागून आणल्या, औषधवाल्याकडून नमुन्याच्या पुड्या उपटल्या. एकेक सनस्क्रीन हाताला चोळायचं, फडक्याला पुसायचं, पत्र्यावर पंजा दाबायचा, वर रंगाचा हात द्यायचा. रंग नीट वाळून मुरला की चिकटपट्टी दाबून बसवायची आणि खसकन ओढायची. पट्टी कोरी आली तर उत्तम. पट्टीला रंग चिकटून आला तर ते सनस्क्रीन बाद.

तेलकट लोशनं बाद झाली, त्यात नवल नव्हतं. फवाऱ्याची बाटली वाऱ्याने बाद केली. निम्मा फवारा शेजारच्या वाळत घातलेल्या चादरींना लागला, त्यामुळे त्या चादरी तेवढ्या उन्हापासून सुरक्षित राहिल्या. मग आली एक जेलची नळी. तिच्यावर छतवालीचा जीव जडला. लावलं तरी चेहऱ्यावर दिसत नाही, हाताला लागत नाही, अगदी कोरडं, रेशमासारखं. तिला वाटलं, हेच ते. आणि त्याच पत्र्यावर रंग असा फाटला की विचारू नका. रंग वाळायच्या आधीच आकसून बारीक बारीक खळगे पडले, देवी आल्यासारखे.

ती नळी घेऊन औषधवाल्याकडे गेली. त्याने चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचली. "यात सिलिकॉन आहे. म्हणून तर एवढं मऊ लागतं."

"मऊ लागतं, पण रंगाला पळवून लावतं. ज्याच्यात हे नाही असं द्या."

"बाई, लोक चेहऱ्याला काय शोभेल ते विचारतात. तुम्ही पहिल्याच, ज्या छताला काय शोभेल ते विचारताय."

घरी येऊन तिने ती नळी न्हाणीघराच्या फळीवर फेकली आणि विसरली.

सगळ्यात शेवटी हाती लागली एक जाड कांडी, जस्ताची, खडूसारखी पांढरी. रंगाशी तिचंही जमत नव्हतं, मेणच ते. पण तिची एक खुबी होती. ती थेट चेहऱ्यावर घासायची, हाताला काही लागायचंच नाही. छतवाली पत्र्यासमोर बसून बराच वेळ त्या कांडीकडे बघत राहिली. इतके दिवस ती रंगाला चालेल असं सनस्क्रीन शोधत होती. पण रंगाला ते चालायची गरजच नव्हती, रंगापर्यंत पोचलं नाही म्हणजे झालं!

ती कांडी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी वेष्टन वाचलं. "एसपीएफचा आकडा पन्नास आहे, दोन्ही प्रकारची किरणं अडवतं, घामात टिकतं. चांगलं आहे. पण कांडीची गंमत अशी की लोक एकदा फिरवतात आणि झालं म्हणतात. एकाच जागी तीन-चारदा घासा. निघायच्या आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा, आणि घाम पुसलात तर लगेच. भर दुपारी मात्र सावलीत बसा, कांडी असली तरी."

नवऱ्याला गच्चीवर चढता येत नव्हतं, पण बायकोचा हट्ट त्याला खालूनही दिसत होता. त्याने न सांगता तिला सुती सदरा शिवून दिला. बाह्या थेट बोटांच्या पेरांपर्यंत, अंगठ्याला भोक, तळहात मात्र उघडा. आणि कपाळाला बांधायला जाड पट्टी, घाम टिपायला. "हात आंधळा होणार नाही, बघ," तो म्हणाला. तिला इतकं बरं वाटलं की तिने त्या सदऱ्याच्या शिवणीत एक चूक काढली.

बेकरीच्या छतावर दोघं पुन्हा चढले तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक होता. नाक, गाल, कान, मान आणि हनुवटीखालचा सगळा भाग. बेकरीवाला म्हणाला, "माझ्या पिठाच्या पोत्यात पडलात काय?" तिने त्याच्या नाकावर टिच्चून कांडी काढली आणि आणखी एक हात दिला. कांडी परत ठेवली की साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे आणि मगच छताला लावायचे. आबा पलीकडच्या अर्ध्यात पाठ करून काम करत होते. कानांवरून घट्ट फडकं गुंडाळलं होतं. हल्ली ते फडकं घरातसुद्धा सोडत नसत, पण म्हाताऱ्या माणसाचे हट्ट म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

रंग मुरल्यावर तपासणीचा दिवस आला. बेकरीवाला हाताची घडी घालून उभा. आबांनी चिकटपट्टी घेतली आणि सुनेच्या अर्ध्यात शिरले. एका जागी दाबली, ओढली. कोरी. दुसऱ्या जागी. कोरी. आधी जिथे पंजे उमटले होते तिथे तर त्यांनी अंगठ्याने दाबदाबून लावली. कोरी. छतवाली जागची हलली नाही.

"धरलाय रंग," आबा म्हणाले. एवढंच. ते शिडीकडे वळले.

"अर्धं राहिलंय, आबा," ती म्हणाली.

"माझं? माझं काय बघायचं?"

"नियम तुम्हालाही आहे म्हणालात."

ती पलीकडे गेली. पट्टीची गरज पडली नाही. आबांच्या अर्ध्यात, पाण्याच्या टाकीच्या कडेला, रंगावर बारीक बारीक खळगे पडले होते. देवी आल्यासारखे. ते खळगे तिने गच्चीत पाहिले होते, आणि कशाने पडतात हे तिला पाठ होतं. खळगे पंजाच्या आकारात होते. एक अंगठा, तीन बोटं आणि एक बोट अर्ध्यावर तुटलेलं.

बेकरीवाल्याने तो पंजा पाहिला, आबांचा हात पाहिला आणि शहाण्यासारखा खाली भट्टी बघायला गेला.

न्हाणीघराच्या फळीवरची नळी. चेहऱ्यावर दिसत नाही ती. छतवालीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. उन्हाला न जुमानणारा माणूस चोरून सनस्क्रीन लावतो तो हौसेने नाही.

"आबा, फडकं सोडा."

"काही नाही गं."

"सोडा म्हणते ना."

आबांनी फडकं सोडलं. कानाच्या वरच्या कडेला एक खरखरीत डाग होता. खपली धरलेला. असा डाग तिने रोज आरशात पाहिला होता.

"कधीपासून?"

"तुझ्या टाक्यांच्या आधीपासून," आबा म्हणाले. "म्हटलं, तुझं चाललंय त्यात माझं कुठे... आणि ती नळी दिसत नव्हती लावल्यावर."

आपलं ठेवायचं झाकून आणि सुनेचं बघायचं वाकून! एरवी तिने हे तोंडावर ऐकवलं असतं. आत्ता नाही. तिने खिशातून कांडी काढली, आबांचा चेहरा दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि डाग सोडून नाकावर, गालांवर, मानेवर घासायला लागली, एकाच जागी तीन-चारदा. मग कानावर फडकं परत बांधलं.

"हनुवटी वर करा."

त्यांनी निमूट वर केली. ती हनुवटीखाली कांडी घासत राहिली.

"माझ्या हाताने रंग सुटला," आबा आभाळाकडे बघत म्हणाले. "नियमाने मला खाली उतरायला हवं, पोरी."

"उतरायचंच आहे," ती म्हणाली. तिने कांडीचं झाकण लावलं, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि मानेने खुणावलं. "आधी तुम्ही. डॉक्टरीणबाई संध्याकाळपर्यंत असतात."