सातबाऱ्याचे मार्क

आमच्या घरात वाटणी झाली नाही, याचा मला फार माज होता. वडील गेले तेव्हा धाकट्या भावानं आणि बहिणीनं हक्क सोडला आणि महागावकडची सगळी शेती माझ्या एकट्याच्या नावावर चढली. मोठा तो कर्ता, सातबाऱ्यावर नाव त्याचंच, अशी आमच्याकडची रीत. मी दिग्रसला ऑफिसात कारकुनी करतो, वावर धाकटा पाहतो. सोयऱ्याधायऱ्यांत मी छाती काढून सांगायचो, आमचं घर अजून एक आहे म्हणून.

आम्हा दोघा भावांच्या पोरी एकाच वर्षी बारावी झाल्या. माझीनं डॉक्टरकीचा नाद सुटला म्हणून कृषीचा फॉर्म भरला. भावाच्या पोरीला मात्र लहानपणापासून तेच शिकायचं होतं. कपाशीचं नुसतं फूल पाहून आत अळी आहे की नाही ते सांगायची. सरकारी कृषी कॉलेज मिळालं तरच ते शिकणं, खाजगीची फी परवडत नाही, हे तिच्या घरी ठरलेलं होतं.

प्रवेशाचं गणित तसं सरळ. सीईटीचा ठरलेला हिस्सा, बारावीचा ठरलेला हिस्सा, आणि शेतकऱ्याच्या लेकराला वरून जादा मार्क. त्यासाठी सातबारा जोडायचा, विद्यार्थ्याच्या नाहीतर आईबापाच्या नावाचा. काकाचा चालत नाही.

फॉर्म निघायच्या बऱ्याच आधी, एका रविवारी सकाळी भाऊ पोरीला घेऊन आला. बराच वेळ पराटीच्या, सोयाबीनच्या गोष्टी केल्या. मग खाली पाहत म्हणाला, “दादा, सातबाऱ्यावर माझं नाव लागते काय पाहा ना. पोरीच्या फॉर्मले पाहिजे.”

माझं डोकं फिरलं. वाटणीचा शब्द त्यानं काढलाही नव्हता, मीच काढला. बाप जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुले घर फोडाचं सुचलं काय, असं नाही नाही ते बोललो. पोरगी हळूच म्हणाली, “मोठे बाबा, फक्त फॉर्मपुरतं.” तिलाही गप्प केलं. चहा तसाच ठेवून दोघं उठून गेली. भाऊ त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. तो माझ्यापुढं कधी बोललाच नाही, हे मला माहीत होतं, आणि त्याचाच मी फायदा घेतला.

यादी लागली. भावाच्या पोरीला बारावीत आणि सीईटीत, दोन्हीकडे माझीपेक्षा जास्त मार्क. यादीत मात्र माझी वर, तिला सरकारी कॉलेज लागलं; भावाची खाली, तिचं हुकलं. माझी त्याच सातबाऱ्यावर शेतकऱ्याची पोर ठरली होती. आयुष्यात तिनं एक तास निंदण-खुरपण केलेलं नाही.

लाज वाटली तेव्हा कुठं हातपाय हलवले. भावाच्या पोरीला घेऊन मी अर्ज तपासतात त्या केंद्रावर गेलो. तिच्या हातांकडं पाहा, म्हटलं, शेत तीच करते. तिथला माणूस चांगला होता, त्यानं पूर्ण ऐकून घेतलं.

“काका,” तो म्हणाला, “शेती कोण करते हे फॉर्म विचारत नाही. नाव कोणाचं, एवढंच विचारते.”

परत आल्यावर मी अर्ध्या जमिनीचं बक्षीसपत्र भावाच्या नावानं केलं आणि तलाठ्याकडं नोंदीचा अर्ज टाकला. फेरफाराची नोटीस, तिची मुदत, सह्या, हे सगळं होईपर्यंत प्रवेशाची शेवटची फेरीही आटोपली होती. पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी दे, आता तर सातबारा आहे, असं मी तिला सांगायला गेलो.

“आता कायले, मोठे बाबा?” एवढंच ती म्हणाली आणि ढोरांना पाणी पाजायला निघून गेली. तिनं तालुक्यातच बीएला नाव टाकलंय. कॉलेजात जाते की नाही, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

परवा माझ्या पोरीचा होस्टेलवरून फोन आला. तुरीचे शेंडे कधी खुडायचे, काहून खुडायचे, यावर वर्गात लिहून द्यायचं होतं. तिला काही येत नव्हतं म्हणून तिनं चुलतबहिणीला फोन लावला. त्या पोरीनं तासभर सगळं समजावून सांगितलं, जराही कुरकुर न करता. माझीनं ते जसंच्या तसं उतरवलं. वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले म्हणून खूश होती. भावाच्या पोरीचे मार्क पुन्हा माझ्याच घरात आले होते.