वैनगंगेच्या माहेरी, छोट्या लाइनीनं

माणसं सहलीला गेल्यावर कळतात म्हणे. मला तर ती सहल ठरवतानाच इतकी कळली, की आता कुणी 'प्रवासाला जाऊ' म्हटलं की मी पळायला चपला शोधतो! आरमोरीच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचा मी सेक्रेटरी. ढिवराचाच पोर, पण सातवी पास, म्हणून सगळ्या गावाची डोकेदुखी माझ्याकडे. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, चांदा जिल्ह्याचे अजून तुकडे झाले नव्हते. त्या एका सहलीचे इतके किस्से साचलेत की एक काढावा तर मागून चार निघतात.

कल्पना डोमाभाऊंची. आमच्यात सगळ्यांत म्हातारे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, आणि नागपूरला जाऊन काढून घ्यायला साफ नकार. एका बैठकीत म्हणाले, "जलमभर वैनगंगेची मासोळी खाल्ली. तिचं माहेर पाहाले नोको? सातपुड्याच्या डोंगरातून छोट्या लाइनीची आगगाडी जाते म्हनते. डोळे हायेत तवरिक जाऊ."

मी म्हणालो, "जाऊ, डोमाभाऊ." तिथून माझी साडेसाती सुरू झाली!

०

पहिला प्रश्न, जायचं कधी?

"उन्हाळ्यात जाऊ," मी म्हणालो.

"उन्हाळ्यात तलाव आटते. मासोळी कोन धरन?" हे पैकूभाऊ. पट्टीचे नावाडी, आणि आडवं लावण्यात त्याहून पट्टीचे.

"मंग पावसाळ्यात."

"पावसाळ्यात रस्ता कुठी रायते?"

"हिवाळ्यात?"

"धान कापाले तुहा बाप येईन काय?"

मी वैतागून ओरडलो, "मंग चौथा मोसम आनू कुठून?"

पैकूभाऊंनी शांतपणे बिडी शिलगावली. "सेक्रेटरी तू हायेस ना? सरकारले लिही!"

०

अखेर धानाची मळणी उरकली की जायचं, असं ठरलं. मी वडशाच्या स्टेशनावर चौकशीला गेलो, तर पैकूभाऊ सोबत आलेच. स्टेशनमास्तर भला माणूस. गोंदियाला गाडी बदला, बालाघाटावरून नैनपूरला जा, वाटेत डोंगरच डोंगर, असं त्यानं नीट समजावलं.

पैकूभाऊंनी विचारलं, "चढावर गाडी अडली त ढकलाले किती जन लागतेत? तेवढे आनतो."

"ढकलावी लागत नाही हो!"

पैकूभाऊ माझ्याकडे वळले. "मंग एवढे जन कायले चाल्लो आपन?"

आणि निघताना नावेचा जाड दोर घेऊनच आले! तो मला खांद्यावरून वाहावा लागला.

०

गोदाबाई ही सोसायटीतली एकटी बाई. नवऱ्यामागं जाळं तिनंच सांभाळलं. आगगाडीत ती कधी बसली नव्हती, त्यामुळं हरखून गेली होती. "माहेरी रिकाम्या हातानं जाते काय कोनी?" म्हणत तिनं नदीच्या ओटीसाठी घरोघरचे तांदूळ गोळा केले. इथवर ठीक. मग शिदोरीला सुकी मासोळी बांधली, टोपलीभर!

मी हात जोडले. "बाई, डब्यात वास सुटन."

"कोनाले?"

"लोकाइले."

"लोकं नाकानं डोंगर पाहातेत काय?"

०

वडशाला गाडीत बसलो. छोट्या लाइनीची, अरुंद रुळांची गाडी ती, हलणार, डुलणार. पहिल्याच वळणाला पैकूभाऊ उठून उभे राहिले. "सारे एकाच अंगाले बसू नोका! पलटते ना!"

डोंग्यात बसवावं तसं त्यांनी आमचं वजन दोन्ही बाजूंना वाटलं. तेवढ्यानं भागेना, म्हणून एका अनोळखी, पोट सुटलेल्या शेठजींना समोरच्या बाकावर नेऊन बसवलं. मी लाजेनं मान खाली घातली. पुढं शेठजींचं स्टेशन आलं. ते उतरायला लागले, तसे पैकूभाऊ दारात आडवे झाले.

"शेठ, उतरू नोका! आमी मरू ना!"

०

गोदाबाई मात्र गाडीत नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी नदीच्या घाटावर तिचा पाय घसरला आणि दुधीएवढा सुजला. "जा बाप्पा, माह्यासाठी थांबू नोका," म्हणाली आणि पदर तोंडात धरून ढसाढसा रडली.

गोंदियाला गाडी बदलली, बालाघाट गेलं, डोंगर दिसू लागले, आणि खिडक्यांवरून भांडण पेटलं. खिडक्या कमी, आम्ही जास्त. मग ठरलं, मासोळी वाटतो तशा वाटू. आमच्याकडं मासोळीचे ढीग लावतात. एक जण पाठ करून बसतो. दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, 'हा कोनाचा?' पाठमोरा नाव घेईल त्याचा तो ढीग. जो त्या दिवशी आला नाही, त्याच्याही घरचं नाव घ्यायचं, हा नियम.

पैकूभाऊ पाठ करून बसले. मी डोंगराकडच्या सगळ्यांत चांगल्या खिडकीवर बोट ठेवलं. "ही कोनाची?"

"गोदाबाईची!"

"अहो, बाई घरी हाये!"

"घरी हाये म्हनून तिचा वाटा बुडवू काय?"

सगळ्या खिडक्या संपल्या, डोमाभाऊंचं नाव आलंच नाही. माझं डोकं फिरलं. ज्या डोळ्यांसाठी एवढी यातायात केली, ते डोळे आतल्या बाकावर, आणि खिडकी मोकळी! "बसा ना, डोमाभाऊ!" मी अक्षरशः गयावया केली.

"परायाच्या वाट्यावर कसा बसू रे?"

घाट सुरू झाला. मी रडायच्या बेतात. तेवढ्यात पैकूभाऊच म्हणाले, "तिचा वाटा घरी पोचवाले कोनी त न्यावा लागन. डोमाभाऊ, तुमी न्या."

डोमाभाऊ चटकन उठून खिडकीत बसले. गजांना कपाळ टेकवलं ते नैनपूरपर्यंत. जेवले नाहीत, कुणी हाक मारली तरी वळले नाहीत.

परतल्यावर बैलबंडीतून उतरून ते घरी न जाता थेट गोदाबाईच्या ओसरीवर गेले. तिच्याशी बराच वेळ बोलत बसलेले मी लांबून पाहिले.

दुसऱ्या दिवशी ते तलावाच्या पाळीवर भेटले. मी उत्साहानं विचारलं, "सांगा डोमाभाऊ, कसे होते डोंगर?"

"मले काऊन पुसतं? वाटा तिचा होता, साराच तिच्या घरी देऊन आलो. जा, गोदाबाईले पूस!"