उंबराचं पाणी आणि दोन उमेदवार

भाचीच्या लग्नाची तारीख आम्ही निवडणुकीच्या आधीच ठरवली होती. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू झाला की चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत, म्हणून नोव्हेंबरातला रविवार धरला, दारात मांडव घालायचं ठरवलं, बँड सांगून ठेवला. मग मतदानाची तारीख आली: लग्नानंतरचा बुधवार. मी सगळ्यात आधी ड्राय डे कधीपासून ते पाहिलं. सोमवारी संध्याकाळपासून. आपण सुटलो म्हणून यादीत 'इलेक्शन' या शब्दापुढे बरोबरची खूण केली. ती जरा घाईची झाली.

आमचं गावठाण अंधेरी पूर्वेला, साकीनाक्यापासून रिक्षाने थोडं पुढे. चारी बाजूंनी टॉवर, मध्ये आमची बैठी घरं, एक क्रूस आणि क्रूसासमोर विहीर. आमच्याकडे इतकी वर्षं एकच आमदार होते. वय झालं म्हणून या वेळी ते उभे राहिले नाहीत, आणि दोन्ही मोठ्या पक्षांनी त्या जागेवर बायका दिल्या. गावठाणातल्या पुरुषांची पंचाईत झाली. जुन्या साहेबांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना मागच्या खोलीत नेता यायचं, ग्लास पुढे करता यायचा. या दोघींना कुठे नेणार? त्या सरळ घरातल्या बायकांशी बोलत.

मला दोघींचं फार कुतूहल होतं. बाई बाईसमोर उभी राहिली की मतं मागायची रीत बदलते का, हे मला बघायचं होतं. एक होत्या माजी नगरसेविका, मूळच्या कोकणातल्या. आवाज मोठा, चप्पल उंबऱ्याबाहेर, आणि आत आल्या आल्या मसाल्याच्या बाटलीचं बूच उघडून वास घ्यायच्या. दुसऱ्या शाळेतल्या बाई, नोकरी सोडून पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या. त्या दारातच थांबायच्या, प्रश्न विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत. माझ्या मते एकीला माणसं वाचता येत होती आणि दुसरीला कागद. कोणती आपल्या जास्त कामाची, ते काही ठरेना.

आमच्या आईचं मात्र ठरलं होतं. आईला आम्ही बय म्हणतो. तिला आमदारापेक्षा विहीर महत्त्वाची होती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्यात उंबराचं पाणी असतं. बँड लावून सगळे विहिरीवर जातात, घरातली मोठी बाई पाणी शेंदते, कळशा भरून आणतात आणि सकाळी त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पण काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक माणूस विहिरीत पडता पडता वाचला, तेव्हापासून पालिकेने तिच्यावर लोखंडी जाळी घालून कुलूप लावलं. आता वरात विहिरीपर्यंत जाते आणि कळशा शेजारच्या नळावर भरतात. बयला हे मुळीच मान्य नव्हतं. नळाच्या पाण्यासाठी बँड कशाला, असं ती दर लग्नात ऐकवायची. या वेळी तिने ऐकवलं नाही, मागितलं. भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या लग्नात बयने याच विहिरीचं पाणी काढलं होतं.

"तिच्या आईला घातलं तेच पाणी तिला घालीन," बय म्हणाली. "नाहीतर मी कळशी धरायची नाही. तुम्ही भरा नळावर."

बय कळशी धरणार नाही म्हणजे भाची रडणार, हे मला यादी न करताही कळत होतं.

नगरसेविका आल्या तेव्हा बयने कुलपाचं सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या की उद्याच उघडून देते. त्यांच्या कार्यकर्त्याने मागून त्यांचा पदर हळूच ओढला. आचारसंहितेत उमेदवाराने असं काही करून दिलं की ते आमिष ठरतं. त्यांनी विषय सोडून बाटलीतला मसाला तळहातावर घेऊन चाटून बघितला. दोन दिवसांनी शाळेच्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, मी काहीच कबूल करणार नाही, पण चावी कोणाकडे आहे ते तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं, याची मला लाज वाटली. त्यांनी सांगितलं की चावी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातल्या इंजिनिअरकडे असते, अर्ज नागरिकाने करायचा, नागरिकाला आचारसंहिता नसते.

मी दुसऱ्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात गेले. इंजिनिअर भला माणूस होता, पण त्याने हात जोडले. म्हणाला, जाळी आज उघडली तर एक पार्टी म्हणेल दुसरीसाठी उघडली, आणि माझी तक्रार होईल. इलेक्शन झालं की या. मी म्हटलं, तोवर नवरी सासरी गेलेली असेल. त्याने पुन्हा हात जोडले.

इकडे बयने एक गोष्ट केली होती, जी मला शनिवारी कळली. मांडवाचा खांब उभा राहिला की उंबऱ्यावर येईल त्याला लग्नाचं बोलावणं द्यायचं, हा आमचा रिवाज. पोस्टमनला देतो, गॅसवाल्याला देतो. दोघी उमेदवार खांबानंतरच आल्या होत्या. बयने दोघींना उंबराच्या पाण्याला बोलावलं होतं, एकीला दुसरीचं न सांगता.

शनिवारी संध्याकाळी वरात निघाली तेव्हा एका गल्लीतून नगरसेविका आल्या, दुसरीतून शाळेच्या बाई. दोघींच्या मागे आपापली माणसं. बँडवाला माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला वाजवत राहा म्हणून खूण केली. विहिरीपाशी पोहोचतो तोच एक पांढरी गाडी थांबली आणि त्यातून निवडणुकीचं भरारी पथक उतरलं: एक तरुण अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. मतदारांना जेवण चाललंय, अशी तक्रार होती. पुढे कळलं की तक्रारी दोन होत्या, दोन्ही बाजूंच्या माणसांनी एकमेकांवर केलेल्या.

अधिकाऱ्याने विचारलं, कार्यक्रम कोणाचा. बय म्हणाली, माझ्या नातीचा. मग या उमेदवार इथे कशा? दारात आल्या म्हणून बोलावलं. कोणाला? दोघींनाही. मांडवात फुगे, म्हणजे आमचे लग्नातले गोल वडे, तळले जात होते, त्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. अधिकाऱ्याला जेवणाचा खर्च कोणाच्या तरी खात्यात टाकायचा होता. नगरसेविका म्हणाल्या माझ्या नाही, बाई म्हणाल्या माझ्याही नाही. तो गोंधळला. एकच असती तर त्याचं काम सोपं होतं. शेवटी त्याने खाजगी कौटुंबिक समारंभ असं लिहून घेतलं आणि व्हिडिओवाल्याला दोघी एका फ्रेममध्ये घ्यायला सांगितलं.

ते बघताना माझ्या लक्षात आलं की इंजिनिअर ज्याला घाबरत होता ते इथे उरलंच नव्हतं. मी अधिकाऱ्याला विचारलं, "आत्ता ही जाळी उघडली, या दोघींसमोर आणि तुमच्या कॅमेऱ्यासमोर, तर ती कोणी कोणासाठी उघडली असं होईल?"

त्याने विचार केला. "कोणासाठीच नाही," तो म्हणाला. "पण या दोघींनी हात लावायचा नाही."

मी इंजिनिअरला फोन लावून तो अधिकाऱ्याच्या हातात दिला. ते दोघे सरकारी मराठीत बराच वेळ बोलले. बँडवाल्यांनी तेवढ्यात दोन गाणी उरकली. मग पालिकेचा एक माणूस स्कूटरवरून चावी घेऊन आला. कुलूप गंजलं होतं. कोणीतरी मांडवातून तळणीचं तेल आणलं, ते ओतल्यावर किल्ली फिरली.

बयने दोर हातात घेतला. भाचीने तिच्या हातांच्या खाली आपले हात धरले. मी जाळीपाशी उभी होते, कोणी वाकू नये म्हणून. दोघी उमेदवार कठड्यापासून चार पावलं मागे, हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलींसारख्या उभ्या. मी कान तिकडेच लावला होता. इतके दिवस भाषणांत एकमेकींना काय काय बोलल्या होत्या, आता काय बोलतात?

"दोर असा एका दमात ओढायचा नसतो," नगरसेविका पुटपुटल्या. "आजींना सांगा कोणीतरी."

"तुम्ही सांगा ना."

"सांगितलं तर प्रचार होईल."

शाळेच्या बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं की तुमच्याकडे गावी विहीर होती का. नगरसेविकांनी अजून आहे म्हणून सांगितलं, पण आता तिच्यात मोटार आहे. एवढंच. ज्या गुपितासाठी मी कान टवकारले होते ते हे.

कळशी वर आली. पाणी जरा हिरवट होतं, वर दोन पानं. मी मनात लगेच क्लोरीनचा विचार केला. बयने ओंजळभर घेऊन वास घेतला आणि पहिल्यांदा भाचीच्या तोंडाकडे बघितलं.

"तुझ्या आईच्या वेळीसुद्धा पानं होती," ती म्हणाली.

भाचीने ती पानं काढू दिली नाहीत. सकाळी त्याच पाण्याने बयने तिला आंघोळ घातली. मी आधी थोडं पाणी गाळून गरम करून ठेवलं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

बुधवारी बयला घेऊन मी मतदानाला गेले. बाहेर आल्यावर तिला विचारलं, कोणाला दिलंस. तिने बोटावरची शाई दाखवली आणि म्हणाली, एवढंच दाखवायचं असतं. निकालात शाळेच्या बाई निवडून आल्या, थोडक्या फरकाने. जाळीला तर सोमवारीच नवीन कुलूप लागलं होतं, जुन्यापेक्षा मोठं.

निकालानंतर नव्या आमदारबाई आभार मानायला आल्या. या वेळी उंबऱ्यावर थांबल्या नाहीत, आत आल्या. विहिरीचं बघते म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. त्या गेल्यावर बय मला म्हणाली की पुढच्या वर्षी नातवाचं लग्न आहे, तेव्हा दुसरीलाही बोलाव.

मी म्हटलं, आमदार तर ही झाली.

"ही एकटी आली तर कुलूप उघडणार नाही गं," बय म्हणाली. "तुझ्या यादीत दोघींना एका ओळीत लिही."

मी लिहिलंय. खाली भरारी पथकासाठी एक ओळ मोकळी सोडली आहे.