शांतिसेनेतला चहा

दिवाळीआधी काही दिवस, सकाळी अक्कांनी कुंपणापलीकडून मला हाक मारली. "अण्णा उठंनात," एवढंच म्हणाल्या. कोंबड्याच्याही आधी उठून त्याला शिव्या घालणारा हा माणूस झोपेतच गेला होता.

निवृत्त सुभेदार अण्णा जाधव नवनगरात माझे शेजारी, अक्का त्यांच्या पत्नी. नव्वदच्या दशकात ते शांतिसेनेतून आफ्रिकेत जाऊन आले. तिकडं काय केलंत, असं अक्कांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "एनिल्ला गं, काही नाही. दोन टोळ्यांच्या मधे झाडाखाली बसायचं, चहा प्यायचा." पुढच्या गाडीखाली सुरुंग फुटून दोन सोबती गेले, हे त्यांनी फक्त मला सांगितलं, तेही फिरायला गेल्यावर, अगदी हळू आवाजात. घरात मात्र चहाची थाप त्यांनी वर्षानुवर्षं इमानेइतबारे सांभाळली.

दरम्यान देश मोठा होत होता. विद्यानगरात अण्णांचा सत्कार झाला. वक्त्यांनी जगाच्या मुख्य टेबलाशी भारताला कायमची खुर्ची मिळवून दिली. व्यासपीठावर सत्कारमूर्तींना तेवढी खुर्ची कमी पडली.

मग देश बायकांच्याही तुकड्या पाठवू लागला आणि पोलीस दलातल्या त्यांच्या मुलीचं, सुनंदाचं नाव लागलं. अण्णा माझ्याकडे आले, चेहरा उतरलेला. पोरीला अडवायचं तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगावं तर अक्कांपुढं उभं राहायची सोय नाही. सांगून टाका, असं म्हणून मी त्यांच्याबरोबरच घरी गेलो. अक्का घेवडा मोडत होत्या. अण्णांनी घसा साफ केला.

"सुनंदा, तिकडं..."

अक्कांनी मान वर केली.

"तिकडं चहा फार गोड करतात. जपून."

सुनंदा गेली, सुखरूप परतलीही. तोवर अण्णांनी बातम्या लावल्या नाहीत. टीव्ही बिघडलाय म्हणायचे.

अण्णा गेल्यावर अक्कांजवळ मी त्या थापेचा विषय भीतभीत काढला. त्या म्हणाल्या, "दिवाळीत फटाके सुरू झाले की हा माणूस दिवसातनं चारदा न्हाणीत. नळ सोडून नुसता बसायचा. अंग कोरडंच. मला काय कळत नव्हतं?"

"मग पोरीला कशी जाऊ दिलीत?"

"यांनी मला कधी भिऊ दिलं नाही. मी तिला भीती घालू?"

यंदा त्यांच्याकडे दिवाळी नव्हती, पण गल्लीला ती होतीच. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी अक्कांजवळ बसलो होतो. सुट्टीवर आलेली सुनंदा आम्हाला तिकडच्या गमती सांगत होती. बाहेर माळ लागली. ती बोलता बोलता उठली, आलेच म्हणाली, आणि न्हाणीतून नळाचा आवाज येऊ लागला.

दोरीवरचा टॉवेल काढून अक्कांनी न्हाणीच्या कडीला अडकवला आणि परत येऊन बसल्या.